फरक किती धरायचा? सॅम्पल साइज काढण्याआधीचं काम

"मॅडम, तीस-तीस पेशंट धरलेत. तेवढं सॅम्पल साइजचं गणित बसवून द्या ना जी." नागपुरात सिनॉप्सिसचा, म्हणजे थिसिसचा आराखडा देण्याचा, हंगाम सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरचं पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. सॅम्पल साइज म्हणजे अभ्यासात किती पेशंट घ्यायचे तो आकडा. मी बायोस्टॅटिस्टिक्सचं काम करते, आणि प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: दोन गटांत फरक किती पडेल असं धरलंयस? हा आकडा तोवर त्याला कुणी विचारलेलाच नसतो, आणि सगळं गणित तर त्याच्यावरच उभं असतं. ५ टक्के अल्फा (फरक नसताना तो आहे असं म्हणण्याची जोखीम) आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडला जाण्याची शक्यता) हे दोन्ही रूढीने ठरलेले आहेत. सूत्र कॉम्प्युटर सोडवतो. जी-पॉवर किंवा ओपनएपि ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. उरतो तो अपेक्षित फरक, आणि तो ठरवायला वाचन, डोकं आणि वॉर्डातला अनुभव, तिन्ही लागतात.

समजावून सांगायला एकच उदाहरण घेते. विदर्भातल्या कुठल्याही एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायांच्या तपासणीला, तासभर बसलं तरी ॲनिमिया किती आहे ते कळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. समजा तुमचा अभ्यास असा आहे: एका गटातल्या गरोदर बायांना लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या आणि शिवाय दर आठवड्याला एक फोन. गोळी घेतली का, मळमळतं का, चहासोबत तर घेत नाही ना, एवढंच विचारायचं. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांचं हिमोग्लोबिन बघायचं.

तीस-तीस लिहिता तेव्हा तुम्ही काय लिहून देता

दोन गटांच्या सरासरीतला फरक घ्या आणि त्याला स्टँडर्ड डेव्हिएशनने (एसडी, म्हणजे मूल्यं सरासरीभोवती किती विखुरली आहेत त्याचं माप) भागा. या भागाकाराला कोहेनचा डी म्हणतात. प्रत्येक गटात किती माणसं लागतील ते साधारण १६ भागिले डीचा वर्ग. एवढं पाठ असू द्या, कॅल्क्युलेटर नसला तरी अंदाज येतो. डी ०.८ असेल तर गटात २६, ०.५ असेल तर ६४, आणि ०.२ असेल तर जवळपास ३९४. फरक निम्मा झाला की पेशंट चौपट लागतात, म्हणून हा आकडा अंदाजपंचे टाकून चालत नाही.

आता तेच उलटीकडून बघा. तीस-तीसमध्ये ८० टक्के पॉवर मिळायची तर डी सुमारे ०.७४ असावा लागतो. हिमोग्लोबिनचा एसडी १.३ ग्रॅम धरला तर तो फरक झाला ०.९६ ग्रॅम. म्हणजे गोळ्यांनी जे वाढेल त्याच्या वर, निव्वळ फोनमुळे, आणखी जवळजवळ एक ग्रॅम हिमोग्लोबिन वाढेल असं तुम्ही न बोलता लिहून देताय. तुमच्या युनिटमधल्या कुठल्याही अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, त्यांना हे पटतं का.

आणि समजा खरा डी ०.३ च आहे. मग तीस-तीसच्या अभ्यासात तो पकडला जाण्याची शक्यता सुमारे २१ टक्के. या २१ टक्क्यांतही मोठी अडचण आहे. तीस-तीसमध्ये पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने निदान इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली यायची, म्हणजे निकाल सिग्निफिकंट ठरायचा, तर तुमच्या डेटात निदान ०.५२ इतका डी दिसावाच लागतो. म्हणजे खरा परिणाम ०.३ असताना ज्याचा निकाल सिग्निफिकंट आला, त्याचा आकडा किमान पावणेदोन पट फुगलेला असणारच. त्याने काहीही लबाडी केलेली नसते. तो पेपर छापून येतो, पुढच्या बॅचचा रेसिडेंट त्यातला फरक "मागील संशोधनानुसार" म्हणून उचलतो, आणि पुन्हा तीस-तीस पुरेसे ठरतात. हे चक्र मला फार जाचतं, कारण त्यात खऱ्या बायांचं रक्त तीनतीनदा काढलं जातं आणि शेवटी हाती निष्कर्ष लागत नाही.

आधी हे ठरवा: किती फरक पडला तर कामाचा

किती फरक पडेल हा एक प्रश्न आणि किती पडला तर उपयोग होईल हा वेगळा प्रश्न. सुरुवात दुसऱ्यापासून करा. २०१८ साली आलेल्या डेल्टा-२ या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: ज्या फरकावर सॅम्पल साइज काढायचा तो महत्त्वाचा हवा आणि शक्यतेतलाही हवा.

यासाठी माणसांशी बोलावं लागतं. पण "इफेक्ट साइज किती धरू?" असं विचारू नका. असं विचारा: "मॅडम, रोज हे फोन करायला एक नर्स बसवायची झाली, तर हिमोग्लोबिन निदान किती जास्त वाढलं पाहिजे? त्याहून कमी वाढलं तर तुम्ही म्हणाल, कशाला हा खटाटोप?" असं विचारलं की उत्तर ग्रॅममध्ये मिळतं. तिघाचौघांना विचारा, पण वेगवेगळं गाठून. डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये विचारलं तर एचओडी (विभागप्रमुख) पहिला आकडा बोलतात आणि बाकीच्यांचा आकडा त्याच्या आसपासच येतो. प्रत्येकाकडून तीन आकडे घ्या: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सगळ्यात संभाव्य. फोन जी नर्स करणार तिलाही विचारा, आणि आशाताईंना तर विचाराच. किती बाया फोन उचलतात, किती घरांत फोन नवऱ्याच्या खिशात असतो, हे त्यांना ठाऊक असतं. निम्म्या बायांपर्यंत फोन पोचणारच नसेल तर सरासरी फरकही जवळपास निम्म्यावर येईल.

काही विषयांत हे काम आधी कुणी करून ठेवलेलं असतं. जुनाट दुखण्यासाठी ० ते १० च्या पट्टीवर सुमारे २ गुण किंवा ३० टक्के घट झाली की पेशंटला खरंच बरं वाटतं, असं फरार आणि सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलं आणि ते आजही वापरलं जातं. पण ते एका पेशंटमधल्या बदलाबद्दल आहे. दोन गटांच्या सरासरीतला फरक त्याहून कमी असूनही मोलाचा असू शकतो. फिजिओथेरपीच्या सिनॉप्सिसमध्ये ही गल्लत नेहमी दिसते.

आपल्या उदाहरणात, बोलाचालीनंतर ०.५ ग्रॅम ठरलं असं धरू.

एसडी: इथे घाई करू नका

फरकावर सगळे चर्चा करतात आणि एसडी मात्र पहिल्या सापडलेल्या पेपरातून उचलतात. खरं तर एसडी हा तुमच्या हातातला आकडा आहे. तुमच्याच ओपीडीच्या रजिस्टरमधून, परवानगी घेऊन, नावं न उतरवता, मागच्या काही महिन्यांची हिमोग्लोबिनची मूल्यं एक्सेलमध्ये टाका आणि एसडी काढा. मात्र तुमच्या निकषांत बसणाऱ्या बायांचीच मूल्यं घ्या. हिमोग्लोबिन ७ ते १० वाल्याच घेणार असाल तर सुरुवातीचा एसडी सगळ्या ओपीडीपेक्षा लहान येईल, आणि १२ आठवड्यांनी तो पुन्हा मोठा झालेला असेल. सूत्रात जातो तो शेवटच्या मोजणीचा एसडी.

आपल्या भागात सिकलसेल आहे, ते विसरू नका. सिकलसेलच्या रुग्ण बाया तपासणी न करता गटात आल्या तर त्यांचं हिमोग्लोबिन गोळ्यांना तसं प्रतिसाद देणार नाही आणि एसडी फुगेल. कशाने मोजता तेही लिहा. साहलीच्या पद्धतीत डोळ्याने रंग जुळवायचा असतो, त्यामुळे मोजण्यातली चूक जास्त. तीही एसडीत मिसळते आणि खरा फरक तेवढाच असला तरी डी लहान होतो. सेल काउंटर उपलब्ध असेल तर तोच वापरा.

पेपरातून एसडी घेताना एक सापळा आहे, तो नीट बघा. समजा पेपरात ६० बायांचं हिमोग्लोबिन १०.४ ± ०.१७ असं छापलंय. हा ०.१७ एसडी असूच शकत नाही. तसा असता तर जवळजवळ सगळ्या बाया १०.१ ते १०.७ मध्ये बसल्या असत्या, आणि अशी ओपीडी कुणी पाहिलेली नाही. ते आहे स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता. त्याला ६० च्या वर्गमुळाने, म्हणजे ७.७५ ने गुणा: १.३. हा झाला एसडी. कुणी ०.१७ तसाच जी-पॉवरमध्ये टाकला तर डी येतो २.९, आणि कॉम्प्युटर निमूटपणे सांगतो की गटात मोजून चार-पाच बाया पुरे. सरासरीचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी जिथे असावी तो पट्टा) दिला असेल, समजा १०.०७ ते १०.७३, तर रुंदी ०.६६ भागिले ३.९२ करा, पुन्हा ०.१७ मिळेल, पुन्हा वर्गमुळाने गुणा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायलटबद्दलही, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीबद्दलही, बोलायला हवं. पायलट जरूर करा: फोन लागतो का, फॉर्म भरायला किती वेळ लागतो, बाया परत येतात का, हे त्यातून कळतं. पण पायलटमधून डी काढू नका. दहा-दहा बायांच्या पायलटमध्ये डी ०.५ आला तर त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण उणे ०.३९ ते १.३९ असतो. फोनने नुकसान होतं इथपासून फोन चमत्कार करतो इथपर्यंत सगळं त्यात बसतं. एसडी मात्र पायलटमधून घेता येतो, थोडा वाढवून. एकूण २० जणींच्या पायलटमधला एसडी १.१८ ने गुणला तर खरा एसडी त्याहून मोठा नसण्याची ८० टक्के खात्री मिळते. पायलटमध्ये १.१ आला तर १.३ धरा.

छापलेल्या फरकावर किती विश्वास ठेवायचा

जुने अभ्यास वाचायचेच, पण छापून आलेले अभ्यास म्हणजे झालेले सगळे अभ्यास नव्हेत. २००८ साली टर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे, म्हणजे एफडीएकडे, नोंदलेले नैराश्याच्या औषधांचे ७४ अभ्यास तपासले. ३१ टक्के छापलेच गेले नव्हते, आणि छापलेल्या लेखांतला परिणाम एफडीएच्या आकड्यांपेक्षा एकंदर ३२ टक्क्यांनी मोठा निघाला. मानसशास्त्रात २०१५ साली १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा परिणाम सरासरीने मूळच्या जेमतेम निम्मा आला.

म्हणून एकट्या छोट्या पेपरातला फरक मी कधीच तसाच घेऊ देत नाही. तो निम्मा धरूनही एकदा गणित करायला लावते. मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब) सापडलं तर उत्तम, पण खालच्या हिऱ्याच्या आकृतीवरच, म्हणजे एकत्रित आकड्यावरच, थांबू नका. त्यातले मोठे अभ्यास काय सांगतात ते बघा, आणि प्रेडिक्शन इंटरव्हल दिला असेल तर तो बघा. नव्या ठिकाणी, म्हणजे तुमच्या ओपीडीत, काय दिसू शकतं ते त्यातून कळतं. तुलनेचा गट कसा होता हेही तपासा. तिथल्या कंट्रोल गटाला काहीच दिलं नसेल आणि तुमच्या कंट्रोल गटाला गोळ्या मिळणार असतील, तर तो फरक तुमच्या कामाचा नाही.

सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, २००७ पासून सुरू आहे आणि कुणालाही फुकट शोधता येते. तुमच्या विषयावर कुणी नोंदणी केली होती आणि तिचे निकाल छापून आले की नाहीत, ते तिथे बघा. नोंद झाली, मुदत उलटून गेली आणि पेपर नाही, अशा नोंदी दिसल्या तर छापलेल्या फरकातून आणखी थोडं कमी करा.

काहीच सापडलं नाही तर लोक ०.५ लिहितात, "मध्यम परिणाम, कोहेनप्रमाणे". ०.२, ०.५, ०.८ हे आकडे जेकब कोहेन यांचेच, पण दुसरा काही आधार नसेल तेव्हाच वापरा असं त्यांनी स्वतः बजावलं होतं. हिमोग्लोबिनसारख्या रोज मोजल्या जाणाऱ्या गोष्टीत आधार नाही असं म्हणताच येत नाही.

टक्केवारीत फरक असेल तर

"प्रमाण २० टक्क्यांनी कमी होईल" असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. ५० चे ४० झाले तरी २० टक्के घट, १० चे ८ झाले तरी २० टक्केच. पहिल्याला गटात ३८५ लागतात, दुसऱ्याला सुमारे ३,२००. कंट्रोल गटातलं प्रमाण किती आणि तुमच्या गटात किती अपेक्षित, हे दोन्ही आकडे लिहा. आणि हिमोग्लोबिनसारखी मोजता येणारी गोष्ट "ॲनिमिया आहे-नाही" अशी दोन खणांत टाकायचा मोह आवरा. त्यात माहिती वाया जाते आणि सॅम्पल साइज वाढतो.

एक आकडा नको, चार-पाच काढा

फरक ०.५ आणि एसडी १.३ असेल तर गटात १०७. एसडी १.५ निघाला तर १४२. फरक ०.४ च असेल तर, एसडी १.३ धरून, १६६. फरक ०.७ धरला तर ५५. हे चारही आकडे गाइडसमोर ठेवा. एकच आकडा ठेवला की चर्चा "कमी करता येईल का" इथेच अडकते. चार ठेवले की कुठलं गृहीतक खरं वाटतं यावर बोलणं होतं. हे बोलणं डेटा गोळा करण्याआधी झालं पाहिजे. अभ्यास संपल्यावर दिसलेल्या फरकातून पॉवर काढण्याला काही अर्थ नाही; तो आकडा पी व्हॅल्यूच वेगळ्या रूपात सांगतो.

मग १०७ जमणार नाहीत असं कळतं. अशा वेळी फरक ०.५ चा ०.७ करायचा नाही. त्याऐवजी सुरुवातीचं हिमोग्लोबिन विश्लेषणात घ्या, म्हणजे ॲनकोव्हा करा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोजणीत सहसंबंध ०.५ असेल तर लागणारी संख्या पाऊणपट होते, १०७ च्या ८०. एकही जास्तीचा पेशंट न आणता मिळणारी ही बचत कितीतरी थिसिसमध्ये तशीच सोडलेली असते. दुसऱ्या कॉलेजच्या मैत्रिणीला सोबत घेऊन दोन ठिकाणी अभ्यास करता आला तर तोही चांगला मार्ग.

गळती वेगळी धरा, आणि आपल्या भागाप्रमाणे धरा. सातव्या महिन्यात बाई माहेरी जाते. माहेर अमरावतीला किंवा छिंदवाड्याला असेल तर १२ आठवड्यांची मोजणी हुकते. मे महिन्यातल्या उन्हात खेड्यातून फॉलोअपला कुणी येत नाही, आणि कापूस वेचणी सुरू झाली की मजुरी बुडवून येणं परवडत नाही. १५ टक्के गळती धरली तर ८० भागिले ०.८५, म्हणजे ९५. यात १५ टक्के मिळवायचे नसतात, ०.८५ ने भागायचं असतं.

आणि मुदतीत खरंच तीस-तीसच होणार असतील, तर तसं सरळ लिहा. एसडी १.३ धरला तर तीस-तीसमध्ये फरकाचा अंदाज अधिक-उणे ०.६७ ग्रॅम इतक्या अचूकतेने येईल. हे वाक्य लिहून अभ्यासाला प्राथमिक अभ्यास म्हणा. एथिक्स कमिटीला हे कळतं आणि पुढे मेटा-ॲनालिसिस करणाऱ्याला तुमचा डेटा उपयोगी पडतो.

प्रोटोकॉलमध्ये हे असं लिहा

"प्राथमिक परिणाम: १२ आठवड्यांनंतरचं हिमोग्लोबिन, सेल काउंटरवर. अपेक्षित फरक ०.५ ग्रॅम प्रति डेसिलीटर. विभागातल्या तज्ज्ञांशी आणि फोन करणाऱ्या कर्मचाऱ्यांशी बोलून, याहून कमी फरकासाठी ही सेवा सुरू करणं योग्य नाही असं ठरवून घेतलेला. एसडी १.३, आमच्या ओपीडीतल्या निकषांत बसणाऱ्या स्त्रियांच्या नोंदींवरून. दुहेरी (टू-साइडेड) अल्फा ५ टक्के, पॉवर ८० टक्के, सुरुवातीच्या मोजणीशी सहसंबंध ०.५ धरून प्रत्येक गटात ८०. १५ टक्के गळती धरून ९५. एसडी १.५ असल्यास लागणारी संख्या सोबतच्या तक्त्यात."

याला एक वाक्य जोडा: निम्म्या बायांची शेवटची मोजणी झाल्यावर, कोण कुठल्या गटातली हे न उघडता, सगळ्यांचा मिळून एसडी पुन्हा काढला जाईल आणि तो धरलेल्यापेक्षा मोठा असल्यास संख्या वाढवली जाईल. गट उघडत नाही, फरक बघत नाही, त्यामुळे अल्फावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. पण हे वाक्य एथिक्स कमिटीकडे कागद जाण्याआधी प्रोटोकॉलमध्ये असलं पाहिजे, आणि संख्या जास्तीत जास्त कितीपर्यंत वाढवणार तेही त्यातच लिहा.